भात्याचं पुस्तक

दसरा जवळ आला की आमच्या अंगणात कोयत्यांना धार लावल्याचा आवाज सुरू व्हायचा. खर्र, खर्र, थोडं पाणी, पुन्हा खर्र. न्हाणीच्या शेजारी एक काळा धोंडा होता, त्यावर ऊसतोडीला जाणारी माणसं आळीपाळीनं येऊन आपापला कोयता घासत. घरी त्यांच्याकडं धोंडे नव्हते असं नाही, पण मुकादमाच्या अंगणात धार लावली की हंगाम बरा जातो अशी गावात समजूत होती, आणि आमचे आबा मुकादम होते. मी पंधरा वर्षांची, दहावीत. भूगोल उघडला की खर्र, बीजगणित उघडलं की खर्र. दात आंबायचे. एका जागी पाच मिनिटं बसवत नसे. उठायचं, रांजणातून पाणी प्यायचं, तहान नसताना पुन्हा प्यायचं, दारात जायचं, परत यायचं. आई चुलीपुढून ओरडायची, "शोभे, बूड टेकव की कुठंतरी! पायाला भिंगरी लावून आलीस का जन्माला?" तिचंही बरोबर होतं. ओसरीवर रोज दहा-पंधरा माणसं जेवायला असत, येसराची आमटी रटरटत असे, भाकऱ्यांची चळत कमरेपर्यंत जात असे, आणि हाताशी आलेली लेक दारातून आत आणि आतून दारात करत असे.

आमचं गाव केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव रिकामं होई आणि पाडव्याच्या आसपास परत भरे. मधले पाच-सहा महिने म्हातारी माणसं, कुत्री आणि शाळेत जाणारी काही लेकरं एवढीच राहत. आबा सगळ्यांना घेऊन खाली पश्चिमेकडच्या कारखान्यावर जात. मुकादम म्हटल्यावर आजकाल लोकांच्या डोळ्यांपुढं मिशीवाला राक्षस येतो. आबांना मिशी होती, पण ते हसत फार. केजच्या बाजारातून येताना शेंगदाण्याचे लाडू धोतराच्या सोग्यात बांधून आणत आणि आईची नजर चुकवून मला देत. टोळीतलं कुणाचं लेकरू तापलं तर स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात नेत. माणसं त्यांच्यावर जीव टाकायची. हे सगळं खरं आहे आणि पुढं मी जे सांगणार आहे तेही खरंच आहे. दोन्ही एकाच माणसाचं आहे, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि कळलं तेव्हा त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

आमच्याकडं कोयता म्हणजे हत्यार, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. गडी ऊस तोडतो, बाई मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. कारखाना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. आबा दुसरी शिकलेले, बोट ठेवून वाचायचे, लिहायला मात्र त्यांचा हात वळत नसे. म्हणून सातवीपासून टोळीची यादी मी लिहीत होते. माझं अक्षर मोत्यासारखं. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार रोज मीच लिहायची, त्याचा मला भलताच ताठा होता. आबा ओसरीवर तक्क्याला टेकून नावं सांगत, मी पाटावर कागद ठेवून लिही. अनुक्रमांक, गड्याचं नाव, आणि त्यापुढं 'जोडी' किंवा 'अर्धा'. बाईचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. मलाही ते कधी खटकलं नाही. सुबक समास सोडायचा, रेघ सरळ मारायची, एवढ्यातच माझं लक्ष असे.

त्या वर्षी गणपतीत मी परळीला मामाकडं गेले होते. मामा औष्णिक केंद्रात कामाला होता. त्यांच्या गच्चीवर रोज सकाळी राखेचा पातळ थर असायचा. मामी केरसुणीनं झाडायची आणि संध्याकाळी बोटानं रेघ ओढली तर पुन्हा रेघ उमटायची. स्टेशनजवळच्या हातगाडीवरून मामा जुनी पुस्तकं आणायचा. त्यातलं एक मी न विचारता पिशवीत घातलं. त्याला कव्हर नव्हतं, पहिली चार पानं नव्हती, त्यामुळं नावही नव्हतं आणि लेखकही. बहुतेक परदेशी पुस्तकावरून कुणीतरी मराठीत केलेलं असावं. केजच्या जीपमध्ये, एका बाजूला शेळी आणि दुसऱ्या बाजूला तेलाचा डबा अशा अवस्थेत मी ते उघडलं, आणि माझा फाटा मागं गेला तरी मला पत्ता नव्हता.

जमिनीखालच्या मिठाच्या खाणीत वसलेल्या एका शहराची ती गोष्ट होती. वर हवा विषारी झाली म्हणून माणसं खाली राहायला गेलेली. खाली हवा यायची ती प्रचंड मोठ्या भात्यांनी ओढलेली, लोहाराचा असतो तसल्याच, पण घराएवढ्या. एका भात्याला दोन माणसं लागत, म्हणून सोळावं वर्ष लागलं की प्रत्येकाची जोडी लावली जाई आणि ती दोघं मरेपर्यंत एका भात्यावर बसत. जोड्या लावणारं एक खातं होतं. त्या खात्यात एक टिपणीस होता, तो जोड्यांचे आकडे पाटीवर लिहायचा. पुस्तकातल्या मुलीचं नाव नीरा, आणि तिला सोळावं लागायला चाळीस दिवस उरलेले. पुस्तक त्या चाळीस दिवसांचं.

हे मी एकटी वाचूच शकले नसते. माझी मैत्रीण कौशी, म्हणजे कौसल्या, माझ्याच वर्गात होती. तिचे आईबाप आबांच्या टोळीत जायचे. ती धाकट्या भावाला सांभाळत चुलत्याकडं राहायची, आणि गणितात माझ्या दोन पावलं पुढं होती. आम्ही घरामागच्या कडब्याच्या गंजीवर चढून बसायचो. दुपारची शाळा सुटली की थेट गंजीवर. मी मोठ्यानं वाचायची, ती ज्वारीच्या वाळक्या ताटाचे तुकडे करत ऐकायची. घाबरायचं ठिकाण आलं की माझा गुडघा दाबायची. "थांब, थांब," म्हणायची, आणि मी थांबले की, "आता वाच की, कावून थांबलीस?" त्या खात्यातल्या सगळ्यात वरच्या साहेबाचा आम्हाला तितका राग येत नव्हता. आमचा राग होता टिपणिसावर. तो वाईट बोलत नाही, कुणाला मारत नाही, नुसता सुंदर अक्षरात आकडे लिहितो आणि पाटी पुसताना हात झटकतो. कौशीनं त्याला नाव ठेवलं होतं, गोगलगाय. "ही गोगलगाय नीराच्या जागी असती म्हणजे कळलं असतं," ती म्हणायची. मी म्हणायची, "मी असते ना तिथं, तर त्याची पाटीच फोडली असती."

आता माझी नात पुण्याला असते. सुट्टीत माझ्याकडं बीडला आली की मोबाईलवर असलीच पुस्तकं वाचते. जळालेली शहरं, नंबर दिलेली माणसं, भिंती, पहारे. तिची आई वैतागते, "आई, हिला सांगा ना काहीतरी, इतकं भयानक कशाला वाचायचं या वयात?" मी काही सांगत नाही. पंधराव्या वर्षी आपल्याला जे टोचत असतं त्याला घरात नाव नसतं. कुणी केलं विचारलं तर रीत म्हणतात, नशीब म्हणतात, लोक काय म्हणतील म्हणतात. रीतीच्या दारावर दगड कुठं मारायचा? त्या पुस्तकात निदान एक खातं होतं, त्याला दार होतं, दाराआड माणसं होती. कुणीतरी हे केलंय, आणि केलंय म्हणजे मोडताही येईल, हे वाचून अंगात वारं भरायचं. पाठ्यपुस्तकं म्हणायची सगळं छान आहे, आणि हे बिननावाचं पुस्तक म्हणायचं, काही छान नाही, तुला वाटतंय ते खोटं नाही. त्या एका वाक्यासाठी मी तेव्हा जेवण सोडलं असतं. फक्त एक गोष्ट आहे, नातीलाही ती अजून कळलेली नाही. असलं पुस्तक वाचताना जो तो नीराच होतो. टिपणीस कुणी होत नाही.

दिवेलागणीला आई तुळशीपुढं पणती लावत होती आणि आबा नावं सांगत होते. ओसरीवर माणसं तंबाखू मळत बसलेली. विसाव्या-एकविसाव्या नावाला आबा म्हणाले, "दत्तू. जोडी लिही."

मी मान वर केली. दत्तू खालच्या आळीचा, वीस-एकवीस वर्षांचा, मागच्या वर्षी मी त्याच्यापुढं 'अर्धा' लिहिलेलं मला आठवत होतं. "आबा, दत्तूचं लगीन कुठं झालंय?"

"हुतंय गं. दिवाळीच्या आधी हुतंय." आबा हसले. "का बे दत्तू, हुतंय न्हवं?"

दत्तू खांबाआड बसला होता. त्यानं लाजून मान खाली घातली आणि सगळी ओसरी हसली. मीही हसले आणि लिहिलं, जोडी. 'डी'ची वेलांटी विशेष चांगली आली, हेही मला आठवतंय.

चार दिवस कौशी शाळेत आली नाही, गंजीवरही नाही. पुस्तकात नीराचे सहा दिवस उरले होते, आणि एकटीनं पुढं वाचायचं नाही अशी आमची शपथ होती. माझी तगमग चाललेली. पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिची आई अंगणात शेवया पसरत होती, माझ्याशी नजर न मिळवता म्हणाली, "मागं हाय बघ." कौशी परसात शेळीला पाला घालत होती. मी म्हटलं, "येड लागलं का तुला? सहाच दिस राहिलेत तिचे!" कौशीनं पाला खाली टाकला.

"मपले बारा राहिलेत," ती म्हणाली. "दत्तूबरोबर लावून द्यायलेत. भात्यावर बसवायलेत मला, शोभे."

आधी मला खरंच कळलं नाही. मग ओसरी आठवली, खांबाआडचा दत्तू आठवला. यादीतली ती रेघ मी तिला सांगितली नाही. ती माझा दंड धरून म्हणत होती, "तुज्या आबाला सांग. त्येंनी दत्तूला न्हाई म्हणलं तर बाबा काय करतेत? मला दहावीचा पेपर द्यायचाय. नुसता पेपर दिला तरी बास." तिला रडू येत नव्हतं, मलाच येत होतं.

तिची आई वाईट नव्हती. शेवयांवरचं फडकं सरळ करत ती मला म्हणाली, "चुलता औंदा ठेवून घ्यायला तयार न्हाई, बाय. आमी दोघं सा महिने उसाच्या फडात. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठिवू? उद्या कायी इपरीत झालं तर?" माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमच्या भरवशावर! घरी पळत आले आणि आईला म्हटलं, कौशी आपल्याकडं राहील, माझ्या खोलीत, माझ्याच ताटात जेवेल. आईच्या हातात भाकरी होती. ती थापत थापत थांबली, मला वाटलं आता हो म्हणते. मग म्हणाली, "लोकाची तरणी पोर, आन् घरात तुजे आबा न्हाईत, कुणी गडीमाणूस न्हाई. सा महिने मी कुणाकुणाला जाब देत बसू? उद्या बोट मपल्याकडंच येईल." भाकरी तव्यावर पडली. आईनं त्यानंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाळलं. तिलाही ते लागलं होतं, पण ती बधली नाही.

राहिले आबा. ते जेवत होते, ताटात खरडा आणि दही. मी सरळ म्हटलं, "आबा, दत्तूला न्हाई म्हणा." त्यांनी घास थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी कुणाचं लगीन लावत न्हाई, बाळा. लोक जोड्या घेऊन येतेत, मी मोजतो."

"पण तुमी जोडीच मागता. म्हणून तर लोक लावतेत."

"मी न्हाई मागत. कारखाना मागतो."

"मग कारखान्याला सांगा."

आबा हसले, पण नेहमीसारखं नाही. "कारखान्याला तोंड हाय का बोलायला? आन् मी न्हाई म्हणलं तर दत्तू दुसऱ्या मुकादमाकडं जातो. पोरगी तिकडंबी जाईलच. माझ्याकडं निदान डोळ्यापुढं राहील." असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात झटकावासा वाटला आणि झटकवला नाही. खात्याचं दार मला सापडलं होतं, ते आमच्याच स्वयंपाकघरात उघडत होतं, आणि आत बसलेला माणूस माझ्यासाठी लाडू आणणारा होता.

पक्की यादी उतरवायचं काम दुसऱ्या दिवशी होतं. ती आबा निघायच्या आधीच एका माणसाबरोबर कारखान्याच्या कारकुनाकडं जायची. माझ्यापुढं कच्चा कागद होता, पक्का कागद होता, घरात कुणी नव्हतं. दत्तूचं नाव आलं. पुस्तकात नीरा शेवटी काय करणार हे मला माहीत नव्हतं, पण मी काय करणार हे एका क्षणात ठरलं. मी लिहिलं, अर्धा. इतका आनंद झाला की मी उठून अंगणभर फिरले. कागदावर जोडीच नाही म्हटल्यावर बायकोला कारखान्यात घेतीलच कसे? दारातून परत पाठवतील. पुस्तकातल्या शहरात पाटीवर नाही ते नव्हतंच. पाटी फोडल्याच्या थाटात मी तो कागद घडी करून आबांना दिला. त्यांनी नेहमीप्रमाणं न वाचताच खिशात घातला, कारण लिहिणारी मी होते.

लग्न झालं. मारुतीच्या पाराजवळ, दुपारी, घाईघाईत. एका आठवड्यात गावात अशी चार लग्नं होती, एकच मांडव इकडून तिकडं फिरत होता. कौशीच्या अंगावर पिवळी साडी मोठी होत होती. मी जेवले, बुंदी खाल्ली, कारण मला वाटत होतं हे सगळं आठ दिवसांचं नाटक आहे. निघायच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या, लेकरं, त्यात ती एका कोपऱ्यात गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. मी चाकावर पाय देऊन वर चढले आणि तिच्या कानात म्हटलं, "आठ दिसांत परत येशील बघ. यादीत तुजी जागाच न्हाई. म्या अर्धा लिवलंय." तिचे डोळे मोठे झाले. तिनं माझा गुडघा दाबला, गंजीवर दाबायची तसाच. ट्रॅक्टर निघाला तेव्हा बाकी बायका डोळे पुसत होत्या आणि कौशी हसत होती.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. मी रोज फाट्यावर जाऊन एस.टी. बघायची. केजहून येणारी दुपारची, संध्याकाळची. गाव शांत झालेलं, धोंडा कोरडा, आणि आता तो खर्र आवाज असता तर बरं असं वाटायचं. अभ्यासाचं पुस्तक हातात धरवत नव्हतं, आणि दुसरं पुस्तक मी उघडत नव्हते. संक्रांतीला आबा दोन दिवस घरी आले. वाळले होते, खोकत होते. आईनं काढा दिला आणि विचारलं, इतकं कशानं झालं. आबा म्हणाले, "ट्रॉलीत झोपतो ना. माजी ताडपत्री दिली दत्तूला." मग त्यांनी जे सांगितलं ते मी दाराच्या चौकटीला धरून ऐकलं. कारखाना कोपी, म्हणजे राहायची झोपडी, बांधायला बांबू आणि चटया देतो त्या यादीप्रमाणं. दत्तू कागदावर अर्धा निघाला, म्हणून त्याला चटई नाही, कोपी नाही. बायको बरोबर आहे म्हणून सांगितलं तर कारकून म्हणाला, मुकादम, तुमचाच कागद हाय, भरती बंद झाली. परत पाठवायचं तर कुणाच्या ध्यानातही आलं नाही. काम करणारी बाई कोण परत पाठवतो? महिनाभर ती दोघं ट्रॉलीखाली लुगडं बांधून राहिली. पोरगी सगळ्यांसारखीच पहाटे फडात उतरायची, मोळ्या बांधायची, वाहायची, आणि टोळीचा वाटा पडताना दत्तूला अर्ध्याचाच पडायचा.

"मपलीच जीभ घसरली आसंल सांगताना," आबा म्हणाले. "पोरीला लई सोसावं लागलं मपल्यापायी."

 बोलायला हवं होतं. आज इतक्या वर्षांनीही ती चौकट हाताला लागते आणि मी गप्पच असते. आबा तिसऱ्या दिवशी खोकत परत गेले.

पाडव्यानंतर टोळी आली. दोन दिवस माझी हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी गेले, तर कौशी सासरच्या दारात ज्वारी निवडत होती. काळी पडली होती. उसाच्या पाल्यानं हात चिरून चिरून बोटं खरखरीत झालेली. दहावीचे पेपर होऊन गेले होते. मी तिच्याजवळ बसले, आणि म्हटलं, "तू आबाला कावून न्हाई सांगितलंस? म्या अर्धा लिवलं म्हणून?"

"काय सांगू? तुला मार बसला असता." ती सूप हलवत राहिली. "आठ दिस म्या गाठोडं सोडलं न्हाई, शोभे. त्यात शाळंचा ड्रेस व्हता. मनलं, बोलावतील आन् लगेच निघायचं. टोळीतल्या बाया म्हणायच्या, पोरगी येडी हाय का, गाठोड्यावरच झोपती." मग तिनं विचारलं, "वाचलंस का पुढं?"

मी एकटीनं वाचलं होतं, पेपर संपल्यावर, शपथ मोडून. सांगितलं की नीरा सोळाव्या वर्षाच्या दिवशी भात्यावरून हात काढून घेते, भाता थांबतो, आणि सगळे बघायला लागतात.

"आन् तिचा जोडीदार?"

"त्येचं काय?"

"एकीनं हात काढल्यावर त्यो एकटाच ओढत आसंल की. लिवलं न्हाई का त्यात?" लिहिलेलं नव्हतं. वाचताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कौशीनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "जोडी लिवलं तवाबी मी न्हाई, अर्धा लिवलं तवाबी मी न्हाई. एवढं चांगलं अक्षर तुजं. लिवायचंच व्हतं तर मपलं नाव लिवायचं व्हतं."

ती रागावून बोलली असती तर मी रडून मोकळी झाले असते. ती साधं बोलली. मी तिच्याबरोबर ज्वारी निवडत बसले. उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

पुढचा दसरा आला. मी केजच्या कॉलेजात जायला लागले होते. ओसरीवर माणसं बसली, आबांनी तक्क्या सारला, मी पाट घेतला. पहिलं नाव सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "आबा, गेल्या साली दत्तूपुढं अर्धा म्या लिहिलं. तुमची जीभ घसरली न्हवती."  आबांच्या तळहातावर मळलेली तंबाखू होती, ती तशीच राहिली. मार बसणार हे मी धरून चालले होते.  ते म्हणाले, "वरीसभर मला वाटायलंय मपलीच चूक." एवढंच. मला ते मारापेक्षा जास्त लागलं. पण लगेच मी पुढचं बोलले, कारण ते नंतर बोलता आलं नसतं. "औंदा बायांची नावं लिहायची. नावासकट लिहायचं असलं तरच लिहिते. न्हाईतर दुसरा कुणी बघा."

आबांनी तंबाखू अंगणात झटकली. "लिही," म्हणाले.

मग एक भलतीच अडचण आली. पहिल्या गड्याला मी विचारलं, बायकोचं नाव काय? तो हसला, शेजाऱ्याकडं बघितलं, मान खाजवली. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव तोंडानं घेत नाही. दुसऱ्याचंही तेच. "आमची ती," म्हणाला, "बबनची आई." आबांना पंचवीस वर्षं जी टोळी तोंडपाठ होती, त्यातल्या एका बाईचं नाव त्यांना सांगता येईना. कुणीतरी म्हणालं, "मुकादम, जोडी लिवा अन् मोकळं व्हा." आबा उठले, दारात गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "बायांना बोलवा रे. जिचं तिनं सांगू द्या."

बाया आल्या. पदर सावरत, एकमेकींना ढकलत, अंगणात धोंड्याजवळ उभ्या राहिल्या. ओसरीच्या पायरीशी एकेक यायची आणि नाव सांगायची. काहींनी इतक्या हळू सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. एका म्हातारीनं माहेरचं नाव सांगितलं, मग सासरचं, मग म्हणाली, कुठलं बी लिव. गडी भिंतीकडं बघत होते. कौशी शेवटाकडं आली. पोटुशी होती, सातवा महिना असावा.

"नाव?" मी विचारलं, जणू मला माहीत नव्हतं.

"कौसल्या," ती मोठ्यानं म्हणाली.

"पुढं काय लिहू?"

तिनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा दत्तूकडं. "पुढं कायी नको. तेवढंच."

मी लिहिलं. तिनं वाकून कागद बघितला, सगळी अक्षरं वाचली, आणि पायरी उतरून गेली. त्या वर्षी तिला तिची चटई मिळाली, बांबू मिळाले, वाटा पुरा पडला. दिवाळीच्या चौथ्या दिवशी ट्रॅक्टर निघाला तेव्हा यादीत तिचं नाव होतं, माझ्या अक्षरात, आणि त्या नावावरच ती ऊसतोडीला गेली.